तीन रकाने, एक भाकीत

डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचे 'फीलिंग गुड' हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. पुस्तक नैराश्यावरचे आहे. तरीही त्याचा परामर्श शिक्षकांच्या मासिकात घ्यावा असे आम्हांला वाटले, कारण या पुस्तकातले दोन कागद आता पुस्तकापासून सुटून स्वतंत्रपणे हिंडू लागले आहेत. एक म्हणजे विचारांतल्या दहा दोषांची यादी आणि दुसरा तीन रकान्यांचा तक्ता. व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे, प्रशिक्षणाची सत्रे, दहावीच्या मुलांसाठी परीक्षेच्या तोंडावर होणारी व्याख्याने अशा ठिकाणी ते झेरॉक्स होऊन वाटले जातात. वर बर्न्स यांचे नाव असतेच असे नाही. आणि सोबत एक आश्वासन दिले जाते : हा तक्ता भरा, आत्मविश्वास वाढेल.

हे आश्वासन कितपत खरे? प्रश्न वरवरचा नाही. 'मला जमणारच नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला आपण सांगणार आहोत की बाळा, तुझा विचारच चुकीचा आहे. असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो आणि ते ऐकून मुलाचे नेमके काय होते, हे वर्गात तक्ते वाटण्याआधी पाहायला हवे.

बर्न्स यांच्या पुस्तकामागे दोन माणसे उभी आहेत. ॲरन बेक हे त्यांतले पहिले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे बेक मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. बाहेर काढता न आलेला राग आत वळतो आणि त्यातून नैराश्य येते, असे ती परंपरा सांगत होती. बेक यांनी ते सिद्ध करून दाखवण्यासाठी रुग्णांची स्वप्ने तपासायला घेतली. स्वप्नांत राग सापडला नाही. सापडली ती हार, नकार आणि गमावलेल्या गोष्टी. मग त्यांचे लक्ष रुग्णांच्या जागेपणीच्या विचारांकडे गेले. नकळत, झर्रकन मनात येऊन जाणारे आणि कधीही न तपासलेले विचार : मी निरुपयोगी आहे, माझे कुणाला काही वाटत नाही. १९६३ आणि १९६४ सालच्या निबंधांतून त्यांनी ही मांडणी केली आणि त्यातून कॉग्निटिव्ह थेरपी उभी राहिली. पुढे वर्तनोपचाराशी जुळून ती कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी झाली. पुरावा विरुद्ध गेला म्हणून सिद्धान्त बदलणाऱ्या माणसाची ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. बेक २०२१ साली, वयाची शंभरी पूर्ण करून गेले.

दुसरे अल्बर्ट एलिस. त्यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचाराचा पुरस्कार केला. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत येथे रुजवली, डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. एलिस स्वतःची एक हकीकत सांगत. तरुणपणी मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवले की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वनस्पतिउद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचे. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. भेटीला येते असे एकीनेच कबूल केले, आणि तीही आली नाही! पण भीती गेली. ही हकीकत वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण आमचा बर्न्स यांच्याशी जो मतभेद आहे तो तिच्याच आधारे मांडता येतो.

आता पुस्तकाकडे वळू. दोषांच्या यादीची ताकद अशी की ती वाचताना आपण स्वतःच तिच्यात सापडत जातो. चाचणीत एक गणित चुकले की 'माझे गणितच कच्चे' हे अतिसामान्यीकरण. निबंधावर चार ओळी कौतुकाच्या आणि एक शुद्धलेखनाची, तर रात्री आठवते ती शुद्धलेखनाची. ही मनाची चाळणी. 'बाई माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे त्यांना मी मूर्ख वाटलो' हे दुसऱ्याचे मन परस्पर वाचून टाकणे. 'मला भीती वाटते, त्या अर्थी पेपर अवघड असणार' हे भावनेला पुरावा मानणे. आणि 'मी ढ आहे' हा शिक्का. शिक्का हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. 'मला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही' या वाक्यावर उपाय आहे. 'मी ढ आहे' यावर काही करता येत नाही. पहिले वाक्य कृतीकडे नेते, दुसरे दार लावून घेते.

यादीतला 'पाहिजे'चा दोष मराठीत एका अक्षरात सांगता येतो. ते अक्षर म्हणजे 'च'. 'मला नव्वद टक्के मिळावेत' ही इच्छा झाली. 'मिळालेच पाहिजेत' हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो, हट्ट मोडला तर कोसळतो. एलिस यांनी आयुष्यभर या 'च'चा पाठलाग केला. आठवीच्या वर्गाला आठवडाभर आपल्या बोलण्यातले असे 'च' वहीत टिपायला सांगून पाहावे. मराठीच्या तासालाही हे चालेल, आणि व्याकरणातला शब्दयोगी 'च' इतका कामाचा असतो हे मुलांना प्रथमच कळेल.

तीन रकान्यांचा तक्ता साधा आहे. पहिल्यात मनात आलेला विचार जसाच्या तसा, दुसऱ्यात त्यातला दोष, तिसऱ्यात विवेकी उत्तर. लिहून काढण्यावर बर्न्स यांचा कटाक्ष आहे आणि तो योग्य आहे. डोक्यात फिरणारा विचार धुरासारखा असतो. कागदावर आला की त्याला कडा येतात. पुस्तकाची भाषा सोपी, उदाहरणे घरगुती, सूर आर्जवी. परिपूर्णतेच्या हव्यासावरील प्रकरणात बर्न्स वाचकाला सामान्य होण्याचे धाडस करायला सांगतात. ते प्रकरण पहिल्या पाच नंबरांतल्या मुलांनी, आणि त्यांच्या पालकांनी, जरूर वाचावे. आतापर्यंत जे सांगितले त्यासाठी हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असायला हरकत नाही.

मात्र शिबिरांतून जेव्हा हे कागद 'आत्मविश्वासवर्धन' म्हणून वाटले जातात, तेव्हा पहिली गफलत होते ती शब्दांची. आत्मसन्मान, म्हणजे स्वतःची एकंदर किंमत आपण काय लावतो, ही एक गोष्ट. 'हे विशिष्ट काम मला जमेल' हा भरवसा ही वेगळी गोष्ट. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली ती स्वतंत्रपणे मांडली, आणि अशा भरवशाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ते काम प्रत्यक्ष करून पाहिल्याचा अनुभव, असे सांगितले. मराठीत दोन्हींना आपण सरसकट आत्मविश्वास म्हणतो आणि गोंधळ होतो.

या गोंधळाची किंमत कॅलिफोर्नियाने मोजली आहे. तेथील विधिमंडळ सदस्य जॉन व्हॅस्कॉन्सेलोस यांच्या पुढाकाराने १९८६ साली आत्मसन्मानासाठी एक सरकारी कृतिगट नेमला गेला. आत्मसन्मान वाढवला की गुन्हेगारी, व्यसने, शाळेतली गळती हे सारे कमी होईल, अशी आशा होती. १९८९ साली अभ्यासकांचा ग्रंथ निघाला; त्यात हे संबंध अपेक्षेपेक्षा फारच क्षीण आढळले. तरीही १९९० चा अहवाल उत्साहाने भरलेला निघाला आणि शाळाशाळांतून 'मी खास आहे' म्हणण्याचे पीक आले. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान आणि शाळेतली कामगिरी यांचा थोडा संबंध दिसतो खरा, पण तो बऱ्याच अंशी उलट्या दिशेचा : चांगले जमू लागले की आत्मसन्मान वाढतो. नुसता आत्मसन्मान फुगवून गुण वाढत नाहीत.

त्याहून बोलका आहे तो कॅनडातील जोॲन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा प्रयोग. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य काहींना पुनःपुन्हा म्हणायला लावले. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटले! म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच अपाय. कारण समजण्यासारखे आहे : पटत नसलेले वाक्य म्हटले की मन लगेच त्याचे खंडन शोधू लागते. प्रार्थनेनंतर 'मी हुशार आहे, मी यशस्वी होणार' असे साऱ्या शाळेकडून म्हणवून घेणाऱ्यांनी हा निष्कर्ष कार्यालयात लावून ठेवावा. बर्न्स यांच्यावर मात्र हा आरोप करता येणार नाही. ते स्वतःची स्तुती करायला सांगत नाहीत, विचार तपासायला सांगतात. एलिस तर आणखी पुढे गेले : स्वतःची एकंदर किंमत लावणे हाच मुळात चुकीचा खेळ, कृतींना गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांला ते अधिक पटते. आपण उत्तरपत्रिकेला गुण देतो, मुलाला नाही. निदान तसे अपेक्षित आहे.

दुसरा आक्षेप थेट बर्न्स यांच्यावर आहे, आणि तो तिसऱ्या रकान्याबद्दल. पुस्तकात सगळा भर या रकान्यावर पडतो. वाचकाच्या मनातला टीकाकार एक वाक्य बोलतो, विवेक त्याला उत्तर देतो, आणि वाद जिंकला की बरे वाटते. प्रौढ, वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसाला हे जमते. वर्गात मात्र तिसरा रकाना फार लवकर प्रवचनाचा होतो. मूल ओळखते की गुरुजींना काय हवे आहे आणि लिहून देते : 'मी प्रयत्न केला तर मला नक्की जमेल.' तक्ता भरला, सही झाली, मनातले जिथल्या तिथे. वादात हरवलेली भीती संपतेच असे नाही. कित्येकदा ती फक्त गप्प बसते.

बरे, हा रकाना अत्यावश्यक आहे असेही संशोधन सांगत नाही. फॉरेस्ट स्कॉगिन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वृद्धांपैकी काहींना 'फीलिंग गुड' वाचायला दिले आणि काहींना केवळ वर्तनबदलावर भर देणारे दुसरे पुस्तक. नुसत्या प्रतीक्षायादीवर असलेल्यांच्या तुलनेत दोन्ही गट सुधारले. दोघांत फरक मात्र आढळला नाही. १९९६ साली नील जेकबसन यांनी उपचाराचे घटक सुटे करून पाहिले. काही रुग्णांना पूर्ण उपचार, तर काहींना केवळ कृतीकडे वळवणारा भाग. तो एकटा भागही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. गोव्यात संगाथ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी याच कृतिप्रधान भागावर एक छोटा कार्यक्रम बेतला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण खास तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तो प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या रुग्णांना दिला. ४९५ रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा तो सरस ठरला. हे सारे प्रौढांवरचे, नैराश्याचे अभ्यास आहेत, हे विसरता कामा नये. पण रोख कुठे आहे ते दिसते : ब्राँक्सच्या बागेकडे.

गंमत अशी की खुद्द बर्न्स यांच्या पुस्तकात याचे बीज आहे, फक्त ते झेरॉक्सवाल्यांच्या नजरेतून सुटले. टाळाटाळीवरच्या प्रकरणात एक वेगळा तक्ता आहे. काम छोट्या पायऱ्यांत तोडायचे. प्रत्येक पायरी किती अवघड जाईल आणि किती समाधान देईल याचे आधी शेकड्यात भाकीत लिहायचे. मग ती पायरी करायची आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी लिहायचा. इथे कुणी कुणाला पटवून देत नाही. भाकीत आणि निरीक्षण यांची गाठ घालून दिली जाते, बस्स. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून ओळखीचे काय असणार? विचार हे गृहीतक, कृती हा प्रयोग.

समजा, सातवीतली एक मुलगी वर्गात कधीच प्रश्न विचारत नाही. तिचे भाकीत : 'विचारला तर सगळे हसतील.' खात्री किती? शंभरात नव्वद. आता 'सगळे' म्हणजे किती, हे तिच्याकडूनच ठरवून घ्यावे. निम्म्याहून अधिक? ठीक. हसण्याखेरीज आणखी काय पाहायचे? सरांनी उत्तर दिले की झटकले. मग उद्याच्या तासाला एकच प्रश्न. संध्याकाळी नोंद : दोघे हसले, सरांनी उत्तर दिले, मधल्या सुट्टीत एकीने येऊन 'मलाही तेच विचारायचे होते' म्हटले. आता खात्री किती उरली? समजा, साठ. नव्वदाचे साठ झाले, शून्य झाले नाही. एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये हे आपणच शिकवतो. पुढचा प्रयोग वेगळ्या तासाला.

यात एक खाचखळगा आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली लोकांत वावरण्याच्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात तो नेमका दाखवला आहे. भित्रा माणूस प्रसंगाला सामोरा जातो, पण चिलखत घालून. वाक्य मनात दहादा घोकतो, मान खाली घालून भरभर बोलतो, वहीमागे तोंड लपवतो. प्रसंग निभावतो, आणि श्रेय मात्र चिलखताला जाते : 'हळू बोलले म्हणून वाचले.' शिवाय सगळे लक्ष स्वतःच्या धडधडीकडे असल्याने समोरचे लोक खरोखर काय करतात ते त्याला दिसतच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रयोगात एक चल अनियंत्रित राहिला. म्हणून प्रयोगाची अट : एकदा चिलखतासह, एकदा चिलखताविना, आणि नजर वर्गाकडे, निरीक्षकाची.

आणि समजा सगळे खरेच हसले तर? हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बर्न्स यांचे पुस्तक इथेच तोकडे पडते. दोषांच्या यादीचे गृहीत असे की दुःखी विचार बहुधा विकृत असतो. शाळेत नेहमी तसे नसते. घरी बोलली जाणारी बोली वर्गात उमटली की हशा पिकतो, हे कित्येक मुलांचे 'मन वाचणे' नसून रोजचे निरीक्षण आहे. 'सर मला कधी फळ्यापाशी बोलावत नाहीत' हे अतिसामान्यीकरण आहे की हजेरीपटावरून पडताळता येणारे सत्य? जातीवरून, कपड्यांवरून, आडनावावरून होणारी वागणूक मुलाला अचूक कळते. त्याच्या हाती दोषांची यादी देऊन 'बघ, तुझ्या विचारात कोणता दोष आहे' असे विचारणे म्हणजे शाळेचा दोष त्याच्या वहीत उतरवणे होय. त्याच्या मनात आधीच असलेले 'चूक माझीच' त्याने आणखी पक्के होते. बेक यांची मूळ शिस्त अशी होती की विचार खरा की खोटा हे उपचारकाने आधी ठरवायचे नाही, दोघांनी मिळून तपासायचे. पुरावा मुलाच्या बाजूने निघाला तर बदल वर्गात करायचा. हसणाऱ्यांना थांबवणे हे शिक्षकाचे काम आहे, हसू सहन करायला शिकवणे नंतरचे.

राहिला प्रश्न तासिकेचा. साऱ्या वर्गाला एकदम हे शिकवावे का? ब्रिटनमध्ये पॉल स्टॅलर्ड आणि सहकाऱ्यांनी आठ माध्यमिक शाळांत १२ ते १६ वयाच्या पाच हजारांवर मुलांचा अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. वर्गातून दिलेल्या या पद्धतीच्या कार्यक्रमाने, नैराश्याचा धोका अधिक असलेल्या मुलांना शाळेतल्या नेहमीच्या पाठांपेक्षा अधिक फायदा झाला नाही. त्यांचाच २०१४ चा अभ्यास नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या चिंतेवर होता. बाहेरच्या आरोग्य-कार्यकर्त्यांनी कार्यक्रम घेतला तेथे वर्षभराने चिंता कमी आढळली. शाळेच्या माणसांनी घेतला तेथे तसा परिणाम दिसला नाही. हे वाचून शिक्षकांनी खट्टू होऊ नये. मुलाला गुण देणारी, रागावणारी आणि घरी निरोप पाठवणारी व्यक्ती त्याच्या मनातले विचार रकान्यात मांडायला सांगते, तेव्हा मूल सावधपणे लिहिणार, असे आम्हांला वाटते.

दिल्लीतील सहा सरकारी शाळांतला २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपल्याला अधिक जवळचा. मानसिक त्रास जाणवणाऱ्या सुमारे २५० किशोरवयीन मुलांपैकी निम्म्यांना समस्या सोडवण्याच्या पुस्तिका नुसत्याच दिल्या, उरलेल्यांना पुस्तिकांसोबत समुपदेशकाच्या थोड्या बैठका. सहा आठवड्यांनी, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच बैठका मिळालेल्या गटात अधिक कमी झाला. मानसिक लक्षणांच्या मोजणीत मात्र फरक दिसला नाही. अडचण ठरावीक असावी, ती मुलाने स्वतः निवडावी आणि सोबत एक माणूस असावा, एवढे यातून आम्ही घेतो. संपूर्ण वर्गाच्या तासिकेपेक्षा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एका मुलाबरोबर केलेले एक भाकीत आम्हांला बरे वाटते, आणि तो कागद मुलाकडेच राहावा. शाळेच्या कपाटात नव्हे.

पुस्तक कुणाच्या हाती द्यावे? अकरावी-बारावीच्या, इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुलांच्या हाती देता येईल. त्याआधी शिक्षकाने स्वतः वाचावे, आणि यादीपेक्षा टाळाटाळीचे प्रकरण आधी. मात्र जे मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, मित्रांतून उठून गेले आहे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलते, त्याच्यासाठी कोणताही तक्ता काढू नये. पालकांना बोलावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनीसेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते.